चावी मोठेबाबांकडे

कपाशी बोंडावर आली की अमरावती जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत फवारणीचे पेशंट वाढतात. मळमळ, चक्कर, डोळ्यांची आग, गरगरणारं डोकं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून या दिवसांत डॉक्टर पहिला प्रश्न फवारणीचाच विचारतात. मंगेशलाही तोच विचारला गेला. तो हो म्हणाला. रविवारी बाबासोबत वावरात जातो, पाठीवर पंप घेतो. बाकीचे दिवस तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात, बारावी सायन्सला. वय सतरा. तक्रार अशी की डोकं दुखतं, भूक लागत नाही, झोप येत नाही.

डॉक्टर मॅडमनी त्याला नाकातोंडाला फडकं बांधायला सांगितलं, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नकोस म्हणाल्या, घरी आल्या आल्या अंघोळ कर, कपडे वेगळे धू असं बजावलं आणि केसपेपरवर पॅरासिटामॉल लिहिली. सल्ला अगदी बरोबर होता. दहा दिवसांनी मंगेश परत आला. मग पुन्हा आला. प्रत्येक वेळी केसपेपरवर तेच शब्द आणि खाली तीच गोळी.

गोष्टीतली माणसं मी रचली आहेत. आकडे, कायदे आणि उपचाराच्या रीती रचलेल्या नाहीत.

मॅडम सांगलीकडच्या. एमबीबीएस झाल्यावर वर्षभराच्या बंधपत्रावर इथं आलेल्या, वऱ्हाडी बोली अजून कानाला नवी. केंद्राखाली तीसेक हजार लोकसंख्या. सकाळच्या ओपीडीत कुत्रं चावलेले, गरोदर बाया, बीपी-शुगरचे म्हातारे, तापानं फणफणलेली लेकरं. या गर्दीत सतरा वर्षांच्या धडधाकट दिसणाऱ्या पोराच्या वाट्याला मिळून मिळून दोन मिनिटं येतात, आणि दोन मिनिटांत जे दिसतं तेवढंच कागदावर उतरतं.

उरलेलं औषधाच्या खिडकीतून दिसलं. तिथले फार्मासिस्ट भाऊ दुपारी मॅडमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, तो मंगेश हाय ना, तो गोळ्या घेऊन घरी जात नाई. कडुनिंबाखाली बसून रायतो. ओपीडी बंद झाली, झाडझूड झाली, तरी तिथंच. मोबाईलही पाहत नाई."

मॅडमनी त्याचे जुने केसपेपर काढले. फवारणीची बाधा असती तर फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्रास व्हायला हवा. याचं डोकं बुधवारी दुखत होतं, गुरुवारी दुखत होतं. पहिला केसपेपर तर जूनचा होता, पेरणीही झाली नव्हती तेव्हाचा. बाहुल्या नीट, घाम नाही, नाडी नीट. वजन मात्र जूनपासून पाच किलोनं उतरलेलं. वजनाचा आकडा दर वेळी लिहिला गेला होता, शेजारच्या आकड्याशी ताडून पाहिला गेला नव्हता.

चहाच्या वेळी त्यांनी सिस्टरांना विचारलं. सिस्टर म्हणजे आरोग्य सेविका, निवृत्तीला आलेल्या, या पट्ट्यातली अर्धी बाळंतपणं त्यांच्या हातची. त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याले विचारा ना मग."

"काय विचारू?"

"मरावंसं वाटते का, म्हणून."

मॅडम दचकल्या. "सिस्टर, असं थेट? त्याच्या मनात नसेल आणि माझ्यामुळं शिरलं तर?"

ही भीती मॅडमची एकटीची नाही. गावातल्या मास्तरांना ती असते, आईबापांना असते, मोठमोठ्या डॉक्टरांनाही असते. म्हणून इथं गोष्ट थांबवून सांगतो : विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये दोन हजारांहून जास्त मुलांवर हे तपासलं गेलं आणि २००५ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. ज्यांना आत्महत्येबद्दल स्पष्ट विचारलं ती मुलं न विचारलेल्या मुलांपेक्षा जास्त अस्वस्थ झाली नाहीत. जी आधीच खचलेली होती, त्यांना विचारल्यानं उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. नंतरच्या अभ्यासांतूनही हेच पुढं आलं. तरी आपण विचारत नाही, आणि आपण विचारत नाही म्हणून ती मुलं डोकेदुखी सांगत राहतात.

सिस्टरांना हे अभ्यास ठाऊक नव्हते. त्यांना एक मुलगी आठवत होती. सोळा-सतराचीच, पोट दुखतं म्हणून यायची. सोनोग्राफी झाली, जंताच्या गोळ्या झाल्या, लोहाच्या झाल्या. "पोटाचं सगळं केलं मॅडम आपण. तिले कोनी काई विचारलं नाई. मग तिच्या मातीले गेलो सगळेजण." एवढं बोलून त्या गप्प झाल्या आणि कप विसळायला उठल्या. नळाशी उभ्या राहून पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मागं इकडच्या तीस गावांत ते विश्रामवाले काम करत. गावातल्याच शिकवलेल्या बाया घरोघर जाऊन मनाचं विचारत. पहिले मलेही वाटलं, लोक दार लावून घेतील. नाई लावलं."

विश्राम हा कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातलाच. त्याचा अहवाल २०१७ साली लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात आला. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतल्या जेमतेम चार जणांनी कुणाकडं मदत मागितली होती : ४.३ टक्के. नंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. मोठं इस्पितळ बांधून हे झालं नाही. घरापर्यंत जाऊन विचारणारं माणूस मिळालं, म्हणून झालं.

पुढच्या खेपेला मंगेश आला तेव्हा भाऊंनी त्याला खिडकीवरच थांबवलं. "मॅडमले तुझ्यासंग बोलायचं हाय. गर्दी सरू दे."

बोलायचं कुठं, हाही प्रश्नच. ओपीडीच्या दारात माणसं उभी, खिडकीतून डोकावणारी वेगळी. व्हरांड्याच्या टोकाला एका खोलीवर 'मैत्री क्लिनिक' असा फलक होता. किशोरवयीन मुलामुलींना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून आरोग्य केंद्रांत हे क्लिनिक असतं. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात त्याला जागा आहे. इथल्या खोलीत मात्र लसींचा फ्रीज घरघरत होता आणि भिंतीला सलाइनची खोकी लावलेली होती. शिपायानं खोकी सरकवली, दोन खुर्च्या आणल्या. सिस्टर दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या, कुणाला आत येऊ देईनात.

मॅडम टेबल मध्ये न घेता बसल्या. आधी कॉलेजचं विचारलं, मग जेवणाचं, झोपेचं. मंगेश बुटाच्या नाडीचं टोक बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

"मंगेश, मी आता जे विचारणार आहे ते तुझ्या वयाच्या ज्या मुलांना झोप लागत नाही, त्या सगळ्यांना विचारते. गेल्या काही आठवड्यांत, आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं का?"

नाडी बोटाभोवती थांबली.

"आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल, असं?"

तो मान खाली घालून हो म्हणाला. इतकं हळू की फ्रीजच्या आवाजात ते हरवलंच असतं.

"गेल्या आठवड्यात जीव द्यायचा विचार आला?"

"येते. राती."

"आधी कधी तसा प्रयत्न केलास?"

"नाई."

"आणि आत्ता, या घडीला?"

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "आत्ता नाई. आत्ता तुम्ही बोलून रायल्या ना."

हे प्रश्न मॅडमनी मनानं रचलेले नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं लहान मुलं आणि तरुणांसाठी चार प्रश्नांची छोटी चाचणी बनवली आहे. चारांतल्या एकालाही हो आलं की पाचवा प्रश्न विचारायचा : आत्ता? शेवटच्या उत्तरावरून ठरतं की मुलाला क्षणभरही एकटं न सोडता लगेच मोठ्या रुग्णालयात न्यायचं, की इथंच बसून पुढचं आखायचं. पाचही प्रश्न विचारायला मिनिटभरही लागत नाही. लागतं ते त्यानंतरचं ऐकून घ्यायला.

मॅडमनी ऐकलं. ते तुकड्या-तुकड्यांनी आलं. फिजिक्स डोक्यात शिरत नाही. अमरावतीच्या क्लासची फी भरायला बाबानं बैलजोडी विकली. सोबतचा मित्र शहरात गेला, आता फोन करत नाही. रात्री पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात पण वाचली जात नाहीत. बाबा रागावत नाहीत, नुसते बघतात. हे सगळं मिळून होतं, एकेकटं यातलं काहीच नव्हतं. असा मुलगा गेला की गाव एकच कारण सांगून मोकळं होतं : नापास झाला, मोबाईल दिला नाही, प्रेमप्रकरण होतं. एक कारण सापडलं की उरलेल्या सगळ्यांची सुटका होते. मला हे फार खुपतं. त्या एका कारणाच्या मागं कित्येक महिने कुणीतरी दार ठोठावत असतं.

"बाबाले सांगू नका," मंगेश म्हणाला.

इथं मॅडम खोटं बोलल्या असत्या तर सगळं तिथंच संपलं असतं. त्या म्हणाल्या, "तू जे बोललास त्यातलं बरंच काही तुझं-माझं राहील. बैलांचं, मित्राचं, कशाचंच मी सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे हे घरच्या मोठ्या माणसाला कळायलाच हवं, तू सतरा वर्षांचा आहेस. काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू, आणि मी सांगेन ते तुझ्यासमोर सांगेन. मागून नाही."

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "माय अन् मोठेबाबाले बोलवा. बाबाले मोठेबाबा सांगतीन." मोठेबाबा म्हणजे बाबाचे थोरले भाऊ.

मॅडमना वाटलं, त्याच्याकडून वचन घ्यावं. जिवाचं काही करणार नाही असं आईची शपथ घेऊन सांग, असं त्या म्हणणार, तोवर सिस्टर आत आल्या होत्या. त्यांनी डोळ्यानं खुणावलं. नंतर बाहेर म्हणाल्या, "शपथेनं काय होते मॅडम? शपथ मोडायची पाळी आली तर पोरगं लाजेनं आपल्याकडं परत येत नाई. दार आपणच लावून घेतो." सिस्टर अनुभवानं बोलत होत्या. अशा वचनांनी जीव वाचतो याला शास्त्राचाही आधार नाही.

शपथेऐवजी कागद झाला. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मंगेशनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ही रीत बांधून दिली आहे. वाईट घडी येण्याआधीच ती आल्यावर काय करायचं ते पायरीपायरीनं ठरवून ठेवायचं, तेही पेशंटच्याच शब्दांत. 'डोकं भणभणते, छातीत दडपते, पुस्तक फेकावं वाटते' ही त्याची खूण. मग एकट्यानं करायचं : गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवरून हात फिरवणं, गार पाण्यानं तोंड धुणं. त्यानं भागलं नाही तर माणसांत जायचं : पारावर, जिथं रात्री भजनवाले बसतात. मग ज्याला खरं सांगता येईल असा माणूस : मोठेबाबा, नंबरासकट. मग आरोग्य केंद्र, गावच्या आशा सेविका सुनंदाताई, आणि १४४१६. मॅडम सारख्या 'व्यायाम' सुचवत होत्या. मंगेशनं तो लिहिला नाही आणि मॅडमनीही हट्ट धरला नाही. कागद त्याचा होता.

१४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारनं ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मॅडमनी नुसता नंबर लिहून दिला नाही. तिथंच स्वतःच्या फोनवरून लावला, समुपदेशकाशी आधी स्वतः बोलल्या आणि मग फोन त्याच्या हातात दिला. रात्री बाराला अनोळखी नंबर फिरवणं अवघड असतं. एकदा बोलणं झालं की तो नंबर तितका अनोळखी राहत नाही.

कागदावरची शेवटची पायरी उरली होती. सिस्टरांनीच विचारलं, "घरी फवारणीचं औषध कुठं ठेवता रे?"

मंगेश काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी झोपतो त्या खोलीत."

दुपारी माय आणि मोठेबाबा आले. मंगेश शेजारी बसलेला असतानाच मॅडमनी सांगितलं, ठरलं होतं तेवढंच. माय रडू लागली. मोठेबाबांचा चेहरा आधी कडक झाला. "म्हणजे पोट्टा पागल झाला म्हणता का तुम्ही? अन् पोलीस केस झाली तर?"

"पागल नाही. आजारी आहे, आणि बरा होणारा आजार आहे. विचार मनात येणं हा गुन्हा कधीच नव्हता काका. कुणी प्रयत्न केला असता तरी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, त्या माणसावर भयंकर ताण होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही, काळजी घ्यायची. जुनं ३०९ कलम तर नव्या न्याय संहितेत राहिलंच नाही, १ जुलै २०२४ पासून."

मोठेबाबा थोडा वेळ पंख्याकडं बघत राहिले. "मंग मी काय करू ते सांगा."

हा प्रश्न विचारणारा माणूस घरात असणं हे त्या पोराचं भाग्य. मॅडमनी सांगितलं : फवारणीचं औषध आजच्या आज त्या खोलीतून हलवा. फेकू नका, पैसे गेलेत. पण पेटीत घाला, पेटीला कुलूप लावा, पेटी तुमच्या घरी ठेवा आणि चावी तुमच्या कमरेला. घरातल्या बाकी गोळ्याही मायच्या ताब्यात.

इतकी साधी गोष्ट का महत्त्वाची, तेही सांगायला हवं. मरणाची ती तीव्र ओढ बहुतेकदा काही काळाची असते, अनेकांच्या बाबतीत अगदी थोड्या वेळाची. तेवढा वेळ हाताशी साधन नसलं तर माणूस त्यातून पार होतो, आणि पार झालेल्यांतले बहुतेक पुढं जगतात. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या. चेन्नईच्या स्नेहा संस्थेच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी तमिळनाडूतल्या खेड्यांत कीटकनाशकांसाठी गावाचं एकच सामाईक गोदाम करून पाहिलं, प्रत्येक शेतकऱ्याला त्यात कुलपाचा स्वतंत्र कप्पा. आपल्याकडं मात्र डबा खाटेखाली, फळीवर, धान्याच्या पोत्यामागं. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२ हजार ७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. देशभरात विद्यार्थी १३ हजारांवर. हे वाचून हात टेकावेसे वाटतात. पण कुलपाला सरकारी मंजुरी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाताई त्याला आणि मायला घेऊन एसटीनं अमरावतीला गेल्या, जिल्हा सामान्य रुग्णालयात. गावचे लोक अजून त्याला इर्विनच म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान केलं, गोळी सुरू केली, समुपदेशन ठरवलं. एक गोष्ट त्यांनी मायला दोनदा सांगितली : या वयात गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा, बेचैनी वाढली तर वाट बघू नका, लगेच आणा. सुनंदाताईंनी ते वहीत लिहून घेतलं.

पुष्कळ ठिकाणी गोष्ट इथंच संपते. चिठ्ठी दिली, रेफर केला, काम झालं. चिठ्ठी घेऊन गेलेला मुलगा दुसऱ्यांदा गेला का, हे बघायला कुणी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक प्रयोग केला होता, चेन्नई त्यातलं एक ठिकाण. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या १,८६७ लोकांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले. इतरांशी तासभर बोलणं झालं आणि मग दीड वर्षात ठरावीक वेळांना, एकूण नऊदा, फोन करून किंवा घरी जाऊन त्यांची विचारपूस झाली. दीड वर्षानं पाहिलं तर नेहमीच्या उपचारांच्या गटातले १८ जण आत्महत्येनं गेले होते, विचारपूस झालेल्यांतले २. निष्कर्ष २००८ साली आले. त्या विचारपुशीत कुठलं नवं औषध नव्हतं. कसा आहेस, काही लागतं का, एवढंच.

सिस्टरांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लसीकरणाच्या खुणांशेजारी पेन्सिलीनं एक बारीक 'म' लिहायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात दोन, मग आठवड्याला एक, मग पंधरवड्याला. त्या दिवशी सुनंदाताई मंगेशच्या घरी जायच्या. गावात कुजबुज होऊ नये म्हणून आधी त्याच्या वहिनीच्या बाळाचं वजन करायच्या, मग अंगणात त्याच्याशी बोलायच्या. या कामासाठी त्यांच्या रजिस्टरात रकाना नव्हता. आशाताई गावासाठी किती करतात याचा हिशेब रजिस्टरं कधीच पुरा सांगत नाहीत, आणि आपण तो त्यांना पुरा देतही नाही.

नोव्हेंबरच्या एका भेटीत मंगेश बोलेना. सुनंदाताई उठल्या नाहीत, गाईला वैरण टाकत बसल्या. मग त्यानंच सांगितलं. परवा रात्री खूप वाईट वाटलं. कागद काढला. गोठ्यात गेला, काही झालं नाही. पारावर गेला, भजन नव्हतं. मग मोठेबाबाच्या घरी गेला.

"कायले गेल्ता?"

"चावी मागाले."

सुनंदाताईंच्या हातातली वैरण तशीच राहिली.

"मोठेबाबानं दार उघडलं. कायले रे इतक्या राती, म्हणाले. मले काई बोलता आलं नाई. त्याईनं खाटेवर जागा केली. म्हणाले, बस. मंग आम्ही बसलो. त्याईनं मले त्याईच्या लहानपणाचं सांगतलं, बाबा कसा विहिरीत पडला अन् मोठेबाबानं कसा वर ओढला ते. मले माहीतच नोतं. पहाटे झोप लागली."

सुनंदाताईंनी तिथूनच मॅडमना फोन लावला. मंगेश त्याच दिवशी इर्विनला गेला, गोळीचा डोस बदलला, दोन दिवस तिथं राहिला. मोठेबाबा सोबत राहिले आणि या वेळी बाबाही आला. तो कॉटच्या पायाशी उभा होता. तिसऱ्यांदा सांगितल्यावर खाली बसला आणि म्हणाला, "बैल पुन्हा घेता येतात बाप्पा."

मंगेशला बारावीला किती टक्के मिळाले ते मी सांगणार नाही, गोष्टीशी त्याचा संबंध नाही. वाईट रात्री त्यानंतरही आल्या, कमी आल्या. वजन वाढलं. मे महिन्यात तो ओपीडीत आला तेव्हा फार्मासिस्ट भाऊंनी त्याला खिडकीच्या आत बोलावून वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला.

मॅडमच्या बंधपत्राचा शेवटचा महिना होता. त्यांनी आशांच्या मासिक बैठकीत एक तास मागून घेतला. फळ्यावर ते चार प्रश्न लिहिले, खाली पाचवा. म्हणाल्या, प्रत्येकीनं शेजारणीला हे मोठ्यानं विचारायचं. बायांनी तोंडाला पदर लावले. एकजण म्हणाली, "मॅडम, अभद्र वाटते हो. तोंडातून निघत नाई."

सिस्टर मागून बोलल्या, "निरोधचं बोलणंही निघत नोतं. आता सासूसमोर बोलता ना?"

हसू पिकलं आणि कामाला सुरुवात झाली. मॅडम रांगांमधून फिरत होत्या. एक आशा शेजारणीला विचारत होती, "तुझ्या मनात तसं काई नाई ना?" मॅडम थांबल्या. "ताई, 'नाही ना' म्हटलं की समोरचा नाहीच म्हणतो. त्याला हो म्हणायला जागा ठेवा." तिनं पुन्हा विचारलं. या वेळी नीट विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज कापला. हो आलं तर घाबरायचं नाही, भाषण द्यायचं नाही, एकटं सोडायचं नाही आणि केंद्रात फोन करायचा, एवढं सुनंदाताईंनी आपल्या शब्दांत सांगितलं. औषधाच्या डब्याचंही सांगितलं. शिपाई आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हरही दारात उभे राहून ऐकत होते. मॅडमनी त्यांनाही आत बोलावून बसवलं.

बैठक उठली, भत्त्याच्या कागदांवर सह्या झाल्या, बाया पिशव्या उचलून निघाल्या. सगळ्यांत लहान आशा, नुकतीच लागलेली, मागं रेंगाळली.

"मॅडम, माझ्या गावात एक सून हाय. एकोणीस वर्षांची. पोट दुखते म्हणून उपकेंद्रात तीनदा आली. सोमवारी तिनं आपल्या बांगड्या नणंदेले देऊन टाकल्या म्हणते. मी उद्या जाऊन तिले विचारतो."

मॅडमनी पर्स खांद्याला लावली होती, सांगलीच्या गाडीचं तिकीट त्यात होतं, पुढच्या आठवड्याचं. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि स्टेथोस्कोप घेतला.

"उद्या नाही ताई, आज. तू विचार, मी सोबत बसते. सिस्टर, तुम्हीही चला." आणि ड्रायव्हरला त्यांनी दारातूनच सांगितलं, "भाऊ, गाडी काढा."